बनाबाईच्या घरचं बी

शिवाजी पेठेत बनाबाई इंगवल्यांच्या घरचं बी म्हटलं, की दाणा दाताखाली धरून बघायची तसदीसुद्धा कुणी घेत नसे. पेठेत निम्म्या घरांना तालमीचं वेड आणि निम्म्यांना फुटबॉलचं. पण रंकाळ्यापलीकडं ज्यांची काळी रानं होती अशी बावीस घरं दरसाल शाळू ज्वारी पेरायची, आणि बावीसही घरं बी न्यायची ती एकाच उंबऱ्यावरून, दसऱ्याच्या सकाळी. बी विकायचं नाही, द्यायचं, असा बनाबाईच्या सासूनं घालून दिलेला शिरस्ता होता. सासू गेली, नवरा गेला, शिरस्ता तेवढा राहिला.

बाई साठीची, बुटकी, आणि तोंडानं अशी फटकळ की गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्या दारात भुंकताना विचार करत. पण खोटं म्हणून कधी बोलली नाही. कुणाचं वासरू कुणाच्या रानात शिरलं, कुणी कुणाचा बांध कोरला, असल्या भांडणात दोन्ही बाजू तिलाच साक्षीला बोलवायच्या आणि मागाहून दोन्ही बाजू पस्तावायच्या. खोटं बोलायला डोकं लागतं, ते देवानं मला दिलं नाही, असं ती म्हणायची आणि म्हणताना तिला त्याचा अभिमान वाटायचा.

काढणीच्या आधी ती एकटीच रानातून फिरायची आणि मनाजोग्या कणसांना सुताचा तुकडा बांधून ठेवायची. ती कणसं बियाची. त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. घरी आणून ती आढ्याला टांगायची, वाळली की आपल्या हातानं मळायची आणि दाणे राखेत घोळून कणगीत भरायची. मग यायची घटस्थापना. देवघरातल्या घटात ती बी पेरायचीच, पण त्याच दिवशी मोजून शंभर दाणे मातीच्या टोपल्यात पेरून ते टोपलं घरामागच्या परड्यात उन्हाला ठेवायची. घटातले कोंब सावलीत वाढतात म्हणून पिवळे आणि लांबसडक होतात, आणि बाया त्यालाच देवीची कृपा समजतात. बनाबाई म्हणायची, घट देवीसाठी, टोपलं माझ्यासाठी. शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात, ही बाई शंभर शितं मोजून करायची एवढाच फरक.

१९५४ सालच्या नवरात्रात पाचव्या माळेला तिनं सयाजीला परड्यात हाक मारली. सयाजी तिचा एकुलता एक मुलगा, चौतिशीचा, उद्यमनगरात लेथवर कामाला. सायकलला डबा अडकवून तो निघायच्या बेतात होता. टोपल्यात बघितलं तर हिरव्या कोंबांच्या मधे सात कोंब पांढरे. पिवळे नव्हेत, मुळापासून शेंड्यापर्यंत दुधासारखे पांढरे. आणखी तीन-चार हिरवे होते खरे, पण पिळवटून जमिनीला चिकटलेले. बनाबाई उकिडवी बसून बघत होती. तिचा आवाज इतका खाली आलेला सयाजीनं बाप गेला त्या दिवशीच ऐकला होता.

“असलं बी म्या जल्मात बघितलं न्हाय,” ती म्हणाली. “उन्हात ठिवून बी कोंबाला रंग न्हाय. ह्यो पाच-सात दिसांत मरणार. माझं काय चुकलं सांग.”

बी ओलं राहिलं असेल, कीड लागली असेल, असं सयाजी काहीबाही बोलू लागला. तिनं सगळं खोडून काढलं. सगळं नेहमीसारखंच केलं होतं. नवं झालं होतं ते एकच, आणि तेही गेल्या साली. शेतकी खात्याचा माणूस तालमीत येऊन सांगून गेला होता, की शाळूवर काणी पडून दाण्याची काळी भुकटी होते, ती टाळायची तर पेरण्याआधी बियाला गंधक चोळा. बनाबाईला ते पटलं होतं. पण लोकांच्या बियाला एकदम कशाला, आधी आपल्या रानात बघू म्हणून तिनं घरच्या पेरणीपुरतंच चोळलं. तेच पीक निघालं, त्याचंच हे बी.

“आणि गंधक कुठनं आणलंस?” सयाजीनं विचारलं.

“इकत कशाला आणू? माळ्यावर तुझा डबा हुता की.”

सयाजीनं सायकलीचा दांडा घट्ट धरला. त्या डब्यात गंधक नव्हतं. गंधक हे नाव त्यानंच ठेवलेलं होतं.

लढाईच्या दिवसांत तो तीन वर्षं पुण्याकडं एका दारूगोळ्याच्या कारखान्यात तोफेचे गोळे भरायला होता. गोळ्यात भरायची ती फिकट पिवळी दारू. साहेब लोक तिला टीएनटी म्हणत, भरणारे नुसतं ‘पिवळी’ म्हणत. महिन्याभरात हात पिवळे पडायचे, केस तांबडे व्हायचे, डोकं ठणकायचं आणि कुणाकुणाचे ओठ निळे व्हायचे. लढाई संपली, कारखान्यातली मोजदाद ढिली झाली, आणि सयाजीला बुद्धी सुचली. घरच्या रानातल्या विहिरीला काळा पाषाण लागला होता. तो फोडायला सुरुंग हवा होता. जेवणाच्या डब्यातून रोज थोडी थोडी करत त्यानं अडीच शेर पिवळी बाहेर काढली. घरी येऊन चिमूटभर पेटवून बघितली तर ती काळा धूर सोडत नुसतीच जळली. तिला उडवायला आधी फुटणारी वेगळी टोपी लागते, आणि ती टोपी चोरणं सयाजीच्या बापालाही जमलं नसतं.

मग डबा गेला माळ्यावर. टाकून द्यावा तर कुठं, आणि कुणी ओळखलं तर? सरकारी दारूची चोरी म्हणजे खडी फोडायलाच जायचं. आईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, गंधक आहे, खरजेवर लावायला आणलंय, हात लावू नकोस. आठ वर्षं तिनं हात लावला नाही. गरज पडली तेव्हा लावला, आणि दोन्ही हातांनी लावला.

आणि गेल्या साली दसऱ्यानंतर त्यानं ते हात बघितले होते. तळहात पिवळे, नखांच्या कडा पिवळ्या. आठ-पंधरा दिवस ती डोकं बांधून बसली होती. त्यानं विचारलं तर ती म्हणाली, नवरात्रातली हळद असेल. शेकडो माणसांच्या हातावर जो रंग त्यानं पाहिला होता तो आईच्या हातावर दिसला, आणि त्यानं हळद मानून घेतली, कारण तसं मानणं सोयीचं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. सयाजीनं त्या चांदण्याकडं पाठ करून वर्ष काढलं होतं.

आता दसऱ्याला पाच दिवस उरले होते. दसऱ्याला बावीस घरं बी न्यायला येणार होती.

त्यानं कामावर खाडा केला आणि टोपलं सायकलच्या कॅरियरला बांधून कॉलेज गाठलं. तिथं भूपाल मगदूम वनस्पतिशास्त्र शिकवायचे. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातला तरुण माणूस, हुशार, मितभाषी. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचा एक स्क्रू झिजला होता तो सयाजीनं लेथवर करून दिला होता, तेवढी ओळख. भूपाल सरांनी टोपलं खिडकीत ठेवलं, पांढरा कोंब चिमटीनं उचलून उन्हात धरला आणि विचारलं, बियाला काय लावलं होतं.

सयाजी म्हणाला, गंधक. सर म्हणाले, गंधकानं असं होत नाही. आणि ते त्याच्याकडं बघत राहिले. ते बघणं काही लेथवर घासून बोथट करता आलं नसतं. शेवटी तो घरी गेला, माळ्यावर चढला आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर पिवळी घेऊन परत आला. डब्याच्या तळाला एवढंच होतं, असं त्यानं सांगितलं. डबा अजून अर्धा भरलेला होता.

सरांनी दोन बाटल्या घेतल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत ती पूड घोळलेलं पाणी. दोन्हींच्या तोंडावर एकेक कांदा असा बसवला की बूड पाण्याला टेकावं. तीन दिवसांनी या म्हणाले.

ते तीन दिवस सयाजीनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. घरात रोज घटाला माळ चढत होती, बायको लीला फराळाचं बघत होती, सहा वर्षांची पोर अंगणात फेर धरत होती. बनाबाई दिवसातून दहा वेळा परड्यात जायची, टोपल्याची जागा रिकामी बघून परत यायची. केरबा साळोखे वाटेत भेटले. बावीस घरांत सगळ्यांत वडीलधारे तेच. औंदा ओल चांगली आहे, बी जरा वाढवून लागेल, असं सांगून ते पुढं गेले.

आठव्या माळेला भूपाल सरांनी त्याला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आधी साध्या पाण्यातल्या कांद्याचं मूळ. चौकोनी खणांसारख्या पेशी, आणि दुभंगत असलेल्या एका पेशीत गडद दोऱ्यांचे दोन सारखे पुंजके, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधली जागा स्वच्छ. मग दुसरी काच. तिथंही दोन पुंजके होते, पण मधे तुकडे पडले होते. एक दोरी दोन्हीकडून ओढली जाऊन अर्ध्यात ताणलेली होती. सयाजीला फारसं शिक्षण नव्हतं, पण यंत्रात काय मोडलंय ते त्याला बघून कळायचं. हेही त्याला कळलं.

सरांनी सांगितलं ते त्यानं जन्मभर लक्षात ठेवलं. जिवाचा वाण त्या दोऱ्यांत असतो. पान हिरवं व्हायचं की नाही, दाणा टपोरा की बारीक, सगळं त्यांत. त्या दोऱ्यांत जे द्रव्य असतं त्याला डीएनए म्हणतात आणि दोन सुतांना पीळ घालावा तशी त्याची घडण आहे, हे विलायतेत गेल्याच वर्षी उलगडलं. काही रसायनं तिथवर पोचतात आणि ते सूत तोडतात, नाहीतर बिघडवतात. गेल्या साली पेरलेलं बी उगवलं, कारण प्रत्येक दोरी जोडीनं असते आणि जोडीतली एक शाबूत होती. बिघाड आत लपून राहिला आणि पुढच्या पिढीच्या दाण्यात वर आला.

“पांढरे सात दिसले, ते मरतील आणि सुटतील,” सर म्हणाले. “भीती हिरव्यांची आहे. त्यांतल्या कितींच्या पोटात हेच आहे ते मला सांगता येणार नाही. शाळूचा फुलोरा वाऱ्यावर उडतो, ह्या रानातनं त्या रानात जातो. हे दाणे दळून खावा, काही होणार न्हाई. पण बी म्हणून एक दाणा देऊ नका.”

सयाजीनं पुन्हा काचेला डोळा लावला. मग विचारलं, माणसाला असं होतं का. तीन वर्षं कुणी त्यात हात घातले असतील तर? सर म्हणाले, ठाऊक नाही. शाळू पेरून बघता येतो, माणूस पेरून बघता येत नाही. पुडीतलं गंधक नव्हतं हे त्यांना कळलं होतं, ते कुठून आलं ते त्यांनी विचारलं नाही. सयाजीला त्या न विचारण्याचाच जास्त त्रास झाला.

खंडेनवमीला लेथला हार घालून तो घरी आला आणि आईला म्हणाला, मास्तरांनी बी देऊ नका म्हणून सांगितलंय. तिनं कारण विचारलं. तो म्हणाला, नीटसं कळत नाही म्हणतात. बनाबाईनं मान हलवली. मास्तर म्हणाला ना, मग नाही द्यायचं. थोड्या वेळानं तिनं आपले तळहात मांडीवर पालथे केले आणि उद्या सगळ्यांना सांगून टाकते म्हणाली, हात उतरला माझा. बियाची पाटी, म्हणजे बी राखायचं काम, केरबाअण्णांच्या घरी देते, त्यांची सून हुशार आहे.

म्हणजे सयाजीला काहीच करायचं नव्हतं. बी कुणाच्या रानात जाणार नव्हतं, डबा कुणाला दिसणार नव्हता, म्हातारी सगळं आपल्या अंगावर घेणार होती. नुसतं तोंड मिटून बसायचं, आणि ते तर त्याला इतक्या वर्षांच्या सवयीनं जमत होतं. तो सुटला होता. आणि सुटलो हे कळल्यावर त्याला स्वतःची अशी किळस आली की तो जेवणावरून उठला.

दसऱ्याच्या सकाळी परडं भरलं. पाट्या घेऊन माणसं आली, कुणी फेटे बांधून, कुणी टोपीत घटाचे पिवळे कोंब खोवून. केरबाअण्णा पुढं बसले. त्यांच्या शेजारी त्यांचा जावई जोतीराम बसला होता. तो पोलिसात हवालदार, संध्याकाळच्या बंदोबस्ताला जायचं म्हणून खाकीतच आलेला. बनाबाईनं रिकामी पाटी मधे ठेवली आणि सांगितलं. सात पांढरे कोंब, मास्तरांचा निरोप, सगळं सांगितलं. बी मिळणार नाही, औंदाही नाही आणि पुढंही नाही.

कुजबूज उठली. एक बाई म्हणाली, गेल्या साली हिच्या घरचा देवीचा गोंधळ घालायचा राहिला होता. दुसरं कुणी म्हणालं, देवीचा कोप आहे, घरात काहीतरी पाप घडलं असणार. केरबाअण्णा वाईट माणूस नव्हते, पण त्यांनीही सुस्कारा टाकला. बाईचा हातगुण गेला, असं ते म्हणाले. बनाबाई खाली मान घालून उभी होती. साठ वर्षांत कुणी तिला अशी उभी बघितली नव्हती.

“हात तिचा न्हाय उतरला,” सयाजी म्हणाला. आपला आवाज एवढा मोठा निघेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. “पाप माझं हाय. तिनं बियाला लावलं ते गंधक न्हवतं. कारखान्यातनं मी आणलेली दारू हुती, तोफगोळ्यातली. मीच तिला गंधक म्हणून सांगितलं.”

जोतीरामचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. तो सावकाश म्हणाला, “कुठनं आणलीस म्हणालास? आणि डबा कुठं हाय आता?”

सयाजीची नजर नको असताना माळ्याकडं गेली. लीलानं पोरीला जवळ ओढलं. केरबाअण्णांनी जावयाच्या हातावर हात ठेवला आणि ते बनाबाईकडं वळले. त्यांनी विचारलं, आणि परड्यातल्या सगळ्यांना तिचंच उत्तर हवं होतं.

“बनाबाई, तू सांग. तू सांगशील ते खरं. डब्यात काय हुतं?”

बनाबाईनं आधी लेकाकडं बघितलं. मग आपल्या तळहातांकडं. तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक काय काय गेलं ते सयाजीला दिसलं: गेल्या सालचं डोकं बांधून बसणं, ती हळद, तो डबा. तिला सगळं उमगलं होतं. तिनं पदर खोचला.

“गंधक हुतं,” ती म्हणाली. “म्या सोता बाजारातनं आणलेलं. डबा तवाच भंगारात दिला. पोरगं आयवरचा बट्टा आपल्या अंगावर घ्याला बघतंय, दुसरं काय न्हाय. माझा हात उतरला, ह्येच खरं.”

तिनं खोटं कधी बोलून बघितलं नव्हतं, त्यामुळं ते तिला नीट येतही नव्हतं. आवाज कापला, एक शब्द अडखळला. पण माणसांनी तो लाजेचा कंप समजला. बनाबाई बोलली म्हणजे संपलं. जोतीरामनं सयाजीकडं एकदा रोखून बघितलं, तंबाखू तोंडात टाकली आणि तो उठला. केरबाअण्णांनी रिकामी पाटी काखेत घेतली. बाहेर पडताना दोघा-तिघांनी सयाजीच्या पाठीवर थाप मारली. आईवर जीव असावा तर असा, म्हणाले. सयाजीला ती थाप चाबकासारखी लागली.

त्या साली बावीस घरांनी भूपाल सरांच्या ओळखीनं शिरोळहून बी आणलं आणि पुढंही तिकडूनच आणलं. डबा सयाजीनं दुसऱ्याच दिवशी एका पडक्या खाणीत खोल पुरला. इंगवल्यांच्या उंबऱ्याशी दसऱ्याला सोनं द्यायला माणसं यायची, पण पाटी घेऊन कुणी आलं नाही. सुनांना सांगताना बाया त्या घराकडं बोट दाखवायच्या आणि आवाज खाली आणायच्या.

पण ते नंतरचं. त्या दिवशी माणसं गेल्यावर बनाबाईनं कणगीचं तोंड उघडलं. बियाचे दाणे दळायचे नसतात, उपास पडले तरी दळायचे नसतात, हे तिनंच सगळ्या पेठेला शिकवलं होतं. बाकीची रास उद्या गिरणीत जाईल, पण पहिली पाटी आपल्याच हातानं दळणार, म्हणजे मोह नको, असं ती म्हणाली आणि जात्याशी बसली. सयाजी तिच्या समोर बसला आणि त्यानंही खुंटा धरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यानं हात काढला नाही.

“आय, का केलंस असं?” शेवटी त्यानं विचारलं. “तुझं नाव गेलं.”

बनाबाईनं जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकले.

“माझा हात वाईट न्हवता,” ती म्हणाली. “पाच दिस मला त्या हातांकडं बघवलं न्हाय. ते तू आज मला सांगितलंस. लोकांस्नी न्हाय कळलं तर चालंल. वड आता, जड जातंय मला.”

आणि सयाजीनं जातं ओढलं.